काचेमागची पिवळी

आरंभीच क्षमा मागतो. मला लिहिता येत नाही, आणि ही गोष्ट मला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जळगावच्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. म्हणजे इतरांनी लिहिलेले इतरांना समजावून सांगितले, आणि तेही बहुतांशी मागच्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहत (विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाहून बोलण्याचे धैर्य मला निवृत्त होईपर्यंत आले नाही). अशा मनुष्याने साठीनंतर लेखणी हाती धरावी, हा वाचकांवर अन्यायच आहे. परंतु या प्रकरणाचे माझ्याखेरीज जे तीन साक्षीदार आहेत, ते प्रत्येक लग्नकार्यात ही हकीकत आपापल्या परीने सांगतात, आणि तिन्ही कथनांत मूर्ख मीच असतो! तो मूर्खपणा निदान एकदा तरी क्रमवार आणि शुद्ध भाषेत सांगितला जावा, एवढीच माझी इच्छा आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, धरणगावला दिलेली. तिचे यजमान नाना. कापसाची शेती, पांढरी टोपी आणि कोणत्याही विषयावर अंतिम मत, ही त्यांची मालमत्ता. त्यांची मुलगी मंगल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मंगलचे लग्न धुळ्याच्या एका मुलाशी ठरले. मुलगा मुंबईत नोकरीला होता, आणि ही गोष्ट त्याच्या आईच्या प्रत्येक वाक्यात कोठे ना कोठे येत असे.

आमच्याकडे लग्नात मुलीच्या मामाने पिवळी साडी द्यायची असते. ती नेसून मुलगी गौरीहरापुढे बसते, आणि तेथून मामाच तिला बोहल्यावर घेऊन जातो. साडी साधी असली तरी चालते. कोणी फारसे पाहतही नाही. परंतु साखरपुड्याच्या दिवशी विहीणबाईंनी मला हेरले.

"मामा प्रोफेसर आहेत म्हणे! मग पिवळी काय, मुंबईचीच असणार!"

मी म्हणालो, "हो."

"ते म्युझियम आहे ना, त्याच्या आसपासची दुकानं बघा. आमच्या मुलाच्या साहेबांच्या मिसेस तिथूनच घेतात."

मी म्हणालो, "हो."

येथे माझा एक दोष सांगणे भाग आहे. समोरचा मनुष्य ठामपणे बोलू लागला की माझ्या तोंडून होकाराखेरीज काही बाहेर पडत नाही. या दोषापायी मी दोन वेळा महाविद्यालयाच्या क्रीडा समितीचा अध्यक्ष झालेलो आहे!

त्या संध्याकाळी मंगल माझ्याजवळ येऊन बसली. सगळ्या साखरपुड्यात ती एक अक्षर बोलली नव्हती.

"मामा, मुंबईची नसली तरी चालेल. पण हळदीसारखी पिवळी आणा. पिवळट नको. बाकी सगळं सगळ्यांनी ठरवलंय, ही एवढी माझ्या मनासारखी होऊ द्या."

आता सांगा, यावर तरी मी 'हो' शिवाय काय म्हणणार होतो?

मी एकटा जाऊन साडी आणावी, असा माझा सरळ बेत होता. तो नानांनी मोडीत काढला. लग्नाच्या कापडखरेदीला आमच्याकडे 'बस्ता' म्हणतात, आणि बस्ता हे एकट्याने उरकायचे काम नव्हे. चार माणसे दुकानी जातात, चपला बाहेर काढतात, पांढऱ्या गादीवर ऐसपैस बसतात. शेठजी "या नाना, या अक्का" म्हणत आधी पाणी आणि मग चहा पाजतात. गडी साड्यांवर साड्या फेकतो, बायका प्रत्येक साडी उलगडायला लावतात, नावे ठेवतात, आणि दुसरा चहा येईपर्यंत किमतीचा विषयसुद्धा निघत नाही. दुपार झाली तर तिथेच शिदोरी सोडतात. याला आमच्याकडे खरेदी म्हणतात. बाकीचे सारे नुसते पैसे देऊन वस्तू आणणे!

तर माघातल्या एका सकाळी नाना, अक्का, मंगल आणि मी असे चौघे मुंबईत उतरलो. अक्काच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, आणि माझ्या खांद्यावर नानांची गोधडी! गाडीत थंडी वाजते म्हणून नानांनी ती घरून आणली होती. अक्काच्या जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली, सुतळीने बांधलेली. स्टेशनवर सामान ठेवण्याची सोय आहे, हे मी नानांना विनवून सांगितले.

"मी नही ठेवाव. हाई गोधडी मन्ही शे, सरकारनी नही," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले, आणि ती माझ्या खांद्यावर ठेवून मोकळ्या हातांनी मुंबई पाहत निघाले.

म्युझियमच्या आसपासचा तो भाग मी कधी विसरणार नाही. रुंद फुटपाथ, दगडी इमारती आणि अशी दुकाने, की ज्यांच्या बाहेर पाटीसुद्धा धड नव्हती. आमच्याकडे दुकानदार आपले नाव हत्तीएवढ्या अक्षरांत रंगवतो. येथे एका बोटाएवढ्या पितळी पट्टीवर काहीतरी बारीक कोरलेले, जणू गिऱ्हाईक चुकून आत येऊ नये हाच हेतू! आम्ही एकामागून एक दुकान बाहेरूनच पाहत चाललो. साड्या होत्या, पण राखेच्या रंगाच्या, चिखलाच्या रंगाच्या, वाळल्या पानाच्या रंगाच्या.

"यास्ना घरमा काही सुतक शे का रे भाऊ?" अक्काने विचारले.

आणि मग मंगल थांबली.

एका मोठ्या काचेच्या मागे, पांढरे कापड अंथरलेल्या बैठ्या ओट्यावर, मागच्या फळीला पाठ लावून एक लाकडी पुतळा उभा होता, आणि त्याच्या अंगावर साडी होती. पिवळी. हळदीच्या ताज्या कांड्यासारखी पिवळी, हिरव्या काठाची. मंगलने काचेला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले.

"चला," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या निर्धाराने मी तो शब्द पूर्वी उच्चारला नव्हता.

निर्धार दारापर्यंत टिकला. दाराशी नानांनी शांतपणे चपला काढल्या. अक्काने काढल्या, मंगलने काढल्या. दारावरचा गुरखा थक्क होऊन पाहत राहिला. आता या दुकानात चपला काढत नसावेत, हे मला कळत होते. पण तिघे अनवाणी आत जात असताना आपण एकट्याने बूट घालून जाणे हा मला उद्धटपणा वाटला. मी बूट काढले. काढल्यावर लक्षात आले, की माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला आहे!

आत थंडगार. संगमरवरी फरशी, मंद दिवे, आणि माणसांचा आवाज नाही.

"हाई दुकान शे का दवाखाना?" नानांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले.

तेवढ्यात दुकानाच्या मालकीणबाई लगबगीने आल्या. उंच, आखूड केसांच्या, गळ्यात मोठ्या मण्यांची माळ. त्यांनी आधी अक्काच्या नऊवारीकडे पाहिले, मग नानांच्या टोपीकडे, मग माझ्या खांद्यावरील गोधडीकडे. आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्या माझ्याकडे वळून फाडफाड इंग्रजीत बोलू लागल्या.

मी इंग्रजीचा प्राध्यापक. परंतु माझे इंग्रजी छापील होते. ते कोणी तोंडावर फेकले की मला त्याचा एकही शब्द झेलता येत नसे. शिवाय माझे सारे लक्ष डाव्या पायाने उजवा अंगठा झाकण्यात गुंतलेले. बाईंचे वाक्य प्रश्नार्थक होते, एवढे सुरावरून कळले.

मी म्हणालो, "यस."

"वंडरफुल!" बाई म्हणाल्या, आणि अक्काकडे वळून हिंदीत, "आइए, आइए, यहाँ बैठिए!" असे म्हणत त्यांनी आम्हांला थेट त्या काचेमागच्या पांढऱ्या ओट्यावर नेऊन बसवले! बरोब्बर त्या पिवळ्या साडीच्या पायाशी!

नाना पुतळ्याला टेकूनच बसणार होते. लोड नव्हता म्हणून. मी त्यांना कसेबसे आवरले. लगेच पाणी आले. पाठोपाठ चहा आला!

"देख," नाना मला म्हणाले, "तू उगाच घाबरी राह्यंता. मुंबईमाबी रीतभात शे."

मला वाटले, चला, सुटलो. (पुढे जे घडले ते पाहता, माझ्या आयुष्यातला सुटकेचा हा सर्वांत अल्पजीवी निःश्वास असावा.)

चहा झाला, पण साड्या काही येईनात. अक्काने बाजूने जाणाऱ्या एका विक्रेत्या मुलीला हटकले. "ए पोरी! पिवळ्या शेत तितल्या बठ्ठ्या आन. उलगडी दखाड!"

मुलगी मराठी होती, परंतु भांबावलेली. तिने शिष्टाचार म्हणून दोन साड्या आणल्या. एक राखी, एक राखीहून राखी.

"पिवळी, माय, पिवळी!"

"काकू, पिवळा या सीझनला नाहीये."

"हळद काय सीझन देखी येस का वं?" अक्का कडाडली. मुलगी पळाली.

मग आम्ही वाट पाहत बसलो. अक्काला रिकामे बसणे जमत नाही. सुतळीच्या ओढीने गोधडीची एक शिवण उसवलेली तिच्या नजरेला पडली. तिने पिशवीतून सुई-दोरा काढला, गोधडी मांडीवर आणि मंगलच्या मांडीवर पसरली, आणि टाके घालू लागली. नानांनी मांडी ठोकून, गुडघ्यांवर हात ठेवून देखरेख सुरू केली.

माझे सहज बाहेर लक्ष गेले, आणि अंगावर काटा आला. काचेबाहेर गर्दी जमली होती! म्युझियम पाहून निघालेली माणसे, एक शाळेची रांग, दोन भेळवाले. सगळे आमच्याकडे पाहत होते. एका गोऱ्या जोडप्यातील गृहस्थांनी कॅमेरा वर केला.

"त्या आपला फोटू काढी राह्यनात," नाना म्हणाले, आणि टोपी सरळ करून ताठ बसले.

"नाना, काहीतरी चुकतंय," मी कुजबुजलो.

"चूक तुन्ही शे. तो अंगठा लपाड!"

मालकीणबाई मात्र अत्यंत आनंदात होत्या. त्या मधूनमधून येऊन मला इंग्रजीत काहीतरी विचारत, मी "यस" म्हणे, आणि त्या अधिक आनंदित होऊन जात. इतक्यात ते गोरे जोडपे आत आले. बाईसाहेब थेट ओट्याशी येऊन गुडघ्यांवर बसल्या, गोधडीवरून हात फिरवला, अक्काच्या टाक्यांवर बोट ठेवले आणि डोळे मिटले! मग मालकीणबाईंशी त्यांचे काही बोलणे झाले. मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. या वेळी त्या सावकाश बोलल्या, त्यामुळे मला समजले. त्यांना ही गोधडी विकत हवी होती.

मी 'यस' साठी तोंड उघडतच होतो.

"काय म्हनस ती?" नानांनी विचारले.

मी सांगितले.

"इकाले नही शे! आज रातले मी काय पांघरू?"

आणि नेमक्या त्याच क्षणी दार उघडले. पाठीवर गाठोडी घेतलेल्या चार बायका आत आल्या, आणि त्यांच्याबरोबर खादीचा झब्बा घातलेले एक गृहस्थ. ते इंग्रजीत म्हणाले, की गाडीला उशीर झाला, माफ करा; गोधड्या शिवून दाखवणाऱ्या बायकांना घेऊन आलो आहे, कोठे बसवू?

मालकीणबाईंनी त्या चौघींकडे पाहिले. मग आम्हां चौघांकडे पाहिले. मग फक्त माझ्याकडे.

"मग तुम्ही कोण?"

सुमारे पंचवीस वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या या मनुष्याला त्या वेळी एकच शब्द सुचला, आणि तोही नीट उच्चारता आला नाही.

"कस्टमर," मी म्हणालो.

मला वाटले, आता गुरखा येणार. मी मनातल्या मनात बूट शोधू लागलो. मालकीणबाईंचा चेहरा राखी रंगाचा झाला होता (त्या सीझनला शोभेसा). त्यांनी चौघी बायकांना बसवायला ओटा रिकामा करण्याची खूण केली. मंगल उठली. उठताना तिने पिवळ्या साडीच्या काठाला हळूच बोट लावले आणि मान खाली घातली. मी ते पाहिले. पण मी पाहण्याखेरीज काय करू शकत होतो?

अक्कानेही ते पाहिले होते. ती उठली नाही.

"पोरी," तिने त्या मराठी विक्रेतीला बोलावले, "तुन्ही बाईले इचार, हाई पुतळानी पिवळी कितले देतीस?"

मुलगी विचारून आली. "ती विकायची नाहीये, काकू. डिस्प्लेची आहे."

"हाई गोधडीबी इकानी नही शे. पांघरानी शे." अक्काने दोरा दातांनी तोडला. "तिले सांग, ती पिवळी मन्ही पोरले दे, नि हाई त्या गोरी बाईले दे. मी उठस."

गोऱ्या बाईसाहेबांनी गोधडी छातीशी धरली होती आणि त्या सोडायला तयार नव्हत्या. नव्या चौघींच्या गोधड्या त्यांना दाखवल्या, नको. त्यांना हीच हवी होती, जी त्यांच्यासमोर शिवली गेली होती! मालकीणबाईंनी एकदा आपल्या गिऱ्हाइकाकडे पाहिले, एकदा पुतळ्याकडे, आणि मग मला बाजूला घेऊन एक लांबलचक इंग्रजी वाक्य ऐकवले. त्याच्या शेवटी त्यांनी भुवया उंचावून विचारले, समजलं ना?

मी अत्यंत कृतज्ञतेने म्हणालो, "यस! यस!"

नानांनी खूप कुरकुर केली. परंतु मंगलचा चेहरा पाहून तेही कबूल झाले. पुतळ्यावरची साडी उतरवून, पातळ कागदात गुंडाळून, एका सुरेख खोक्यात रेशमी फितीने बांधून आमच्या हाती आली. अक्काने लगेच फीत ओढली.

"अक्का!" मी तिचा हात धरला. "इतक्या मोठ्या दुकानात असं उलगडून पाहत नाहीत. बरं दिसत नाही."

(मी त्यापूर्वी कोणत्याही मोठ्या दुकानात पाऊल ठेवलेले नव्हते.)

"शिकेल मानूस शे, म्हनस तर ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. तिने आयुष्यात न उलगडता घेतलेले हे एकमेव कापड.

परतीच्या प्रवासात नाना कुडकुडले आणि दर स्टेशनावर मला उठवून तसे सांगत राहिले.

धरणगावी पोचलो तेव्हा गल्लीतल्या बायका ओसरीवर जमलेल्याच होत्या. मुंबईची पिवळी पाहायला! अक्काने खोका देवापुढे ठेवला, हळद-कुंकू वाहिले, आणि ओसरीवर येऊन ऐटीत साडी उलगडली. पहिली घडी. "अगं बाई, काय रंग!" दुसरी घडी. "काठ तर बघा!" तिसरी घडी उलगडली, आणि साडी संपली.

अक्काने ती उलटून पाहिली. खोका झटकला. कागद झटकला.

"भाऊ, बाकीनी साडी कोठे गई?"

अख्खी साडी नव्हतीच ती! पुतळ्याला पुढून गुंडाळण्यापुरता विणून घेतलेला तुकडा होता. रस्त्यावरून पुतळ्याची पाठ कोणाला दिसणार?

मंगलने माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारले, "मामा, ती बाई शेवटी तुम्हांला काय सांगत होती?"

आणि तेव्हा, धरणगावच्या ओसरीवर, अर्धी गल्ली पाहत असताना, ते लांबलचक इंग्रजी वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वल्पविरामांसह, माझ्या कानात स्पष्ट उमटले. ही पूर्ण साडी नाही, नुसता मांडणीचा तुकडा आहे, नेसता येणार नाही, हे त्यांना सांगा, समजलं ना?

"आते कळनं तुले?" नाना म्हणाले. "मी रातभर थंडीमा मरनू, तव्हय कळनं!"

मला वाटले, मंगल रडणार. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, आणि एकाएकी हसत सुटली. इतकी हसली, की भिंतीला धरून खाली बसली. त्याच दुपारी ती मला घेऊन गावातल्या शेठजींकडे गेली. गादीवर बसून, दोन चहा पिऊन, प्रत्येक साडी उलगडून तिने तिथली एक पिवळी निवडली. ती मुंबईच्या तुकड्याइतकी हळदीची नव्हती. म्हणून लग्नाच्या दिवशी तिने तो तुकडा वरून शेल्यासारखा घेतला, आणि गौरीहरापुढे अशी बसली, की बायका वळून वळून पाहत होत्या.

विहीणबाई माझ्याजवळ आल्या. "काय मामा, आणली ना मुंबईची?"

मी म्हणालो, "हो." आयुष्यात प्रथमच तो शब्द मी विचार करून उच्चारला, कारण किती आणली, हे त्यांनी विचारलेच नव्हते.

पुढे तो तुकडा जागोजागी विरला. मंगलने तो आईकडे पाठवला, आणि अक्काने मी निवृत्त झालो त्या वर्षी मला एक गोधडी शिवून दिली. मधोमध तोच हळदीचा पिवळा आणि हिरवा काठ. हे लिहिताना ती माझ्या पायांवर आहे. नाना येतात तेव्हा तिच्याकडे पाहून अजूनही विचारतात, आणि मला आजवर उत्तर देता आलेले नाही. म्हणून त्यांचा प्रश्न तुमच्यापुढेच ठेवतो. गोधडी खांद्यावर घेऊन मुंबईला गेलो, आणि शेवटी गोधडीच पांघरून बसलो. मग त्या दिवशी आम्ही तिथे नेमकी खरेदी तरी काय केली?